मध, मेण आणि दांतांचें दुखणें

पंचामृत करावयाचें असलें म्हणजे मधाची बाटली फडताळांतून बाहेर येते आणि पूजा आटोपली कीं पुन्हा आंत जाते. खोकल्याचें चाटण हा तिचा दुसरा उपयोग. अलीकडे मात्र या बाटलीस नवीं कामें सांगण्यांत येऊं लागलीं आहेत. मध घातलेलें दंतमंजन, मधमाशीच्या राळेचा अर्क असलेली टूथपेस्ट, हिरड्यांस चोळावयाचें मेणमिश्रित मलम असे नाना पदार्थ बाजारांत दिसतात, आणि त्यांवर 'नैसर्गिक' हा शब्द ठळक छापलेला असतो. या सदराच्या वाचकांनींही त्याविषयीं पृच्छा केली आहे. दाढ ठणकत असतां मध लावावा काय, असें कोणी विचारतात. एका भगिनीचा प्रश्न निराळा आहे. घरांत आठ महिन्यांचें बाळ आहे, त्यास दांत येत आहेत, आणि आजेसासूबाई म्हणतात कीं टांकणखाराची लाही मधांत खलून हिरड्यांस चोळा. नाहीं म्हणावें तर वडील माणसाचा अवमान होतो. हो म्हणावें तर डॉक्टर रागावतात.

हा शेवटचा प्रश्न थांबवून ठेवण्याजोगा नाहीं, म्हणून प्रथम तोच घेतों.

बाळास एक वर्ष पुरें होईपर्यंत मधाचें बोटही त्याच्या तोंडांत जाऊं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. मध भेसळीचा असतो म्हणून आम्ही हें म्हणत नाहीं. मातींत सर्वत्र आढळणाऱ्या क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम नांवाच्या जंतूचे बीजाणु शुद्ध मधांतही कधीं कधीं असतात. मोठ्या माणसाच्या आंतड्यांत त्यांस रुजावयास जागा मिळत नाहीं. वर्षाच्या आंतील मुलाचें आंतडें अजून कच्चें असतें. तेथें ते रुजतात आणि विष निर्माण करतात. मग बाळास मलावरोध होतो, पापण्या जड होतात, रडण्याचा आवाज क्षीण होतो, दूध ओढतां येत नाहीं, अंग लुळें पडतें, आणि अखेर श्वासही अडूं शकतो. अर्भकांचा हा विकार स्वतंत्रपणें ओळखला गेला तो १९७६ सालीं, अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांतांत. घरीं मध उकळल्यानें हे बीजाणु मरत नाहींत. मध महाबळेश्वरच्या डोंगरावरचा आहे कीं कोपऱ्यावरच्या दुकानांतला, यानेंही कांहीं फरक पडत नाहीं.

टांकणखाराची गोष्ट तर याहून उघड आहे. टांकणखार म्हणजे ज्यास इंग्रज बोरॅक्स म्हणतात तोच. मधांत टांकणखार कालवून मुलाच्या तोंडांत लावण्याची चाल केवळ आपलीच होती असें कोणी समजूं नये. इंग्लंडांतील आयाही चोखणीस हेंच मिश्रण लावून ती बाळाच्या तोंडांत देत. १९८३ सालीं तेथील बालवैद्यकाच्या एका नियतकालिकांत सात अर्भकांची हकीकत प्रसिद्ध झाली. त्या सातही मुलांस झटके येत होते, आणि सातांच्याही चोखणीवर मध व टांकणखार होता. मिश्रण बंद करतांच झटके थांबले. टांकणखार थोडाथोडा रोज पोटांत जात राहिला म्हणजे लहान देहांत तो सांठतो, आणि मधाच्या गोडीमुळें बाळ तो आवडीनें चोखतें.

आतां आजेसासूबाईंस हें सांगावें कसें? आमच्या मतें शास्त्राच्याच आधारें सांगावें. आयुर्वेदानें मधाची स्तुति केली हें खरें, पण मधावर निर्बंधही त्यानेंच घातले. तूप व मध समभाग घेऊं नये, मध तापवूं नये, हे निषेध आपल्या आज्यांस पाठ असतात. पंचामृत करणारी बाई हात आंखडून मध घालते तो याच कारणानें. जो पदार्थ आपल्या पूर्वजांनींच इतक्या सावधगिरीनें हाताळला, त्यास नव्या ज्ञानानें आणखी एक निषेध जोडला तर त्यांत वडिलांचा अवमान कसला? जातकर्मांत मध, तूप व सोनें यांचें प्राशन सांगितलें आहे, तेव्हां संस्काराचें काय, असें कोणी विचारील. संस्कार अवश्य करावा. सोनें तुपांत उगाळावें आणि मधाची वाटी देवापुढें ठेवावी. आमच्या परिचयाच्या दोन घरीं उपाध्यायांनीं असें करविलें आहे आणि कोणाचेंही कांहीं अडलें नाहीं.

दांत येतांना हिरडी सळसळते. तिला स्वच्छ धुतलेल्या बोटानें हळूहळू चोळावें, किंवा थंड पाण्यांत पिळलेलें स्वच्छ फडकें चावावयास द्यावें. बधिरता आणणारें बेंझोकेनचें मलम दोन वर्षांखालील मुलास लावूं नये, असा इशारा अमेरिकेच्या औषध खात्यानें २०१८ सालीं दिला आहे. आणि ताप भरला तर तो दांतांच्या नांवावर घालून स्वस्थ बसूं नये.

एवढें सांगून झाल्यावर मोठ्या माणसांकडे वळूं, कारण तेथें मधाची बाजू पुष्कळ बळकट आहे.

सुश्रुतानें मधाचे आठ प्रकार वर्णिले आहेत आणि व्रण शुद्ध करणें, तो भरून आणणें हे गुण मधास दिले आहेत. वाग्भटानें अष्टांगहृदयांत मधाचा गंडूष सांगितला आहे. गंडूष आणि कवल यांतील भेद आज बहुतेकांस ठाऊक नसतो. तोंड गच्च भरून, आंतील पदार्थ हलविण्यासही जागा न ठेवतां धरणें तो गंडूष. खळखळवितां येईल इतकाच घेणें तो कवल. मधाचा गंडूष धरला असतां तोंडाचा चिकटपणा जातो, तोंडांतील क्षतें सांधलीं जातात, दाह व तहान शमते, असें तो आचार्य सांगतो. वाचकांनीं नीट पाहावें: येथें उल्लेख क्षतांचा आहे, दांतांचा नाहीं.

मध क्षतास मानवतो याचीं कारणें आतां उलगडलीं आहेत. मधांत पाण्याचा अंश शेंकडा १७ ते २० इतकाच असतो, बाकीची बहुतेक साखर. इतक्या घट्ट पाकांत जंतूंच्या देहांतील पाणी ओढलें जातें आणि ते वाढूं शकत नाहींत. शिवाय मध आंबट असतो, जरी जिभेस तें कळत नाहीं. तिसरें कारण फार मौजेचें आहे. १९३७ सालीं जर्मन संशोधकांस मधांत जंतूंस रोखणारें कांहीं तरी आढळलें. त्यास त्यांनीं 'इनहिबिन' असें नांव दिलें, पण तें काय आहे हें कळेना. १९६३ सालीं अमेरिकेंतील संशोधकांनीं तें ओळखलें. फुलांचा रस पोळ्यांत पिकवितांना मधमाशी आपल्या ग्रंथींतील एक पाचक द्रव्य त्यांत मिसळते. मध पातळ झाला कीं तें द्रव्य त्यांतील साखरेपासून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतें. जखम धुवावयास दवाखान्यांत जें फेंसाळणारें पाणी वापरीत, तेंच हें, पण अगदीं अल्प आणि हळूहळू झिरपणारें. ओल्या क्षतावर मध पातळ होतो, आणि तेथेंच हें औषध निर्माण होतें.

कर्करोगावर गळ्यास किंवा तोंडास किरणोपचार चालू असतां तोंड आंतून सोलून निघतें; गिळणें तर सोडाच, बोलणेंही नको होतें. मलेशियांत २००३ सालीं अशा चाळीस रोग्यांवर मधाचा प्रयोग प्रसिद्ध झाला. मध घेणाऱ्यांपैकीं शेंकडा २० जणांस तीव्र दाह झाला, न घेणाऱ्यांपैकीं ७५ जणांस. हे आंकडे वाचून कोणासही हर्ष होईल. परंतु २०१२ सालीं इंग्लंडांत मँचेस्टरच्या बाजूस असाच प्रयोग १२७ रोग्यांवर झाला. तेथें एका गटास न्यूझीलंडचा प्रसिद्ध मानुका मध दिला आणि दुसऱ्यास साखरेचा पाक, कोणास काय मिळालें हें रोग्यास अगर वैद्यास न कळूं देतां. दोहोंत फरक दिसला नाहीं! आमच्या मतें दुसऱ्या प्रयोगाची रीत अधिक चोख होती, म्हणून मधाची थोरवी सांगतांना जीभ थोडी आवरावी हें बरें. साध्या तोंड येण्यावर, गाल चावल्यावर, दिवसांतून दोन तीन वेळां मधाचें बोट लावण्यास मात्र मोठ्या माणसाची हरकत नसावी, मधुमेह नसल्यास.

आणि मग चूळ भरावी. हें वाक्य सगळेजण गाळतात, म्हणून त्याविषयीं थोडें विस्तारानें लिहितों.

दांत किडतो तो किडा लागून, अशी समजूत आपल्याकडे होती, म्हणूनच कृमिदंत हें नांव. बाबिलोनच्या लोकांचीही तीच समजूत होती. बर्लिन येथें काम करणाऱ्या मिलर नांवाच्या अमेरिकन दंतवैद्यानें १८९० सालीं दाखविलें कीं तोंडांतील सूक्ष्म जंतु साखर खाऊन आम्ल करतात आणि तें आम्ल दांत विरघळवितें. पुढें स्टीफन या संशोधकानें १९४४ सालीं दांतावरील आम्लता प्रत्यक्ष मोजली. साखरेच्या पाण्यानें चूळ भरल्यावर अवघ्या कांहीं मिनिटांत ती वाढते आणि पूर्ववत् होण्यास अर्धा तास किंवा अधिक लागतो. आम्लतेच्या मापावर साडेपांचच्या खालीं आंकडा गेला कीं दांताचें कवच विरूं लागतें. मध स्वतःच बहुधा चारच्या आसपास असतो. म्हणजे मध हा हिरडीचा मित्र असला तरी दांताशीं त्याचें वर्तन साखरेसारखेंच आहे. रात्रीं दांत घासून झाल्यावर 'औषध' म्हणून मध लावून निजणें याहून दांत किडविण्याचा सुलभ उपाय आम्हांस सुचत नाहीं.

मग सुश्रुतानें दांत घासण्याच्या चूर्णांत मध कां सांगितला? त्या चूर्णांत सुंठ, मिरीं, पिंपळी आहेत, सैंधव आहे, तेल आहे, तेजोवती आहे. मध त्यांस एकत्र बांधतो. दांत घासले जातात ते चूर्णानें, आणि घासल्यावर तोंड धुतलें जातें. यांतील मध तेवढा वेंचून काढावयाचा आणि त्याची बाटली विकावयाची, हा उद्योग सुश्रुताचा नव्हे. न्यूझीलंडांत २००४ सालीं तीस जणांस मानुका मधाची चघळावयाची वडी दिवसांतून तीन वेळां, एकवीस दिवस दिली, तेव्हां दांतांवरील कीट व हिरड्यांचें रक्त कमी झालेलें आढळलें, हें आम्ही लपवीत नाहीं. पण त्या मधांत मेथिलग्लायॉक्साल नांवाचें जंतुनाशक द्रव्य विपुल असतें, आणि प्रयोगही प्राथमिकच होता. आपल्या जांभळाच्या, हिरड्याच्या किंवा कारवीच्या मधास ती प्रशस्ति आयती लावतां येणार नाहीं.

किडलेल्या दाढेंत मध घातला तर काय होतें, हें ज्यानें केलें त्यास सांगावयास नको. कळ मस्तकांत जाते. दांताच्या अंतर्भागांत असंख्य सूक्ष्म नळ्या असून त्यांत द्रव असतो. घट्ट गोड पदार्थ तो द्रव बाहेर ओढतो, आणि त्या हालचालीनें आंतील मज्जातंतु चेतविले जातात. स्वीडनमधील ब्रानस्ट्रॉम यांनीं १९६० नंतरच्या दशकांत ही उपपत्ति मांडली.

याच्या उलट, दुखऱ्या दांतास मधमाशीची खरी देणगी आहे ती मेणाची. संस्कृतांत मेणास मधूच्छिष्ट म्हणतात. आम्ही वर्गांत या समासाचा विग्रह विचारला कीं मुलें हंसत, कारण उच्छिष्ट म्हणजे उष्टें हें त्यांस माहीत असे; मधाचें उष्टें तें मेण! त्याचेंच दुसरें नांव मदन, आणि त्याचें प्राकृतांत मयण होऊन आपलें मेण झालें. कामकरी माशीच्या पोटाखालीं मेणाच्या ग्रंथींच्या चार जोड्या असतात. त्यांतून पापुद्रे निघतात आणि ती ते चावून पोळें बांधते. मेण साधारण ६२ ते ६४ अंश सेंटिग्रेडला वितळतें. तोंडाची ऊब ३७ अंशांची. तेवढ्यानें मेण मऊ राहतें पण वाहून जात नाहीं, आणि जंतूंस त्यापासून खाद्यही मिळत नाहीं. दांताची पोकळी बुजविण्यास इतका सोयीचा पदार्थ धातूंच्या व चुन्याच्या मिश्रणांपूर्वीं दुसरा नव्हता.

वाग्भटानें कृमिदंतावर हेंच सांगितलें आहे: पोकळी गुळानें किंवा मेणानें भरावी आणि डागावी. गुळाविषयीं आज कोणी शिफारस करणार नाहीं. पण मेणाची कल्पना किती जुनी असावी? स्लोव्हेनिया देशांत लोन्चे या गांवाजवळ सांपडलेला माणसाचा एक जबडा इटलींतील त्रिएस्त येथील संग्रहालयांत अनेक वर्षें पडून होता. २०१२ सालीं संशोधकांनीं त्याची कसून तपासणी केली, तेव्हां डावीकडील सुळ्याच्या भेगेंत मधमाशीचें मेण आढळलें. तो जबडा साडेसहा हजार वर्षांपूर्वींचा ठरला. मेण जिवंतपणीं भरलें कीं मरणानंतर लागलीच, हें निश्चित सांगतां येत नाहीं असें त्यांनीं स्वतःच लिहिलें आहे. परंतु जिवंतपणीं भरलें असेल तर उघड्या पडलेल्या दांताची कळ थांबविण्यासाठींच भरलें असणार.

मेणाची सेवा तेथें संपली नाहीं. प्रशियाचा राजा फ्रेडरिक याचा दंतवैद्य फाफ यानें १७५६ सालच्या आपल्या ग्रंथांत मऊ केलेल्या मेणावर जबड्याचा ठसा घेण्याची रीत वर्णिली. सर व्हिक्टर हॉर्सले या इंग्रज शस्त्रवैद्यानें १८९२ सालीं हाडांतून वाहणारें रक्त थांबविण्यास सात भाग मेण, एक भाग बदामाचें तेल व शेंकडा एक या प्रमाणांत सॅलिसिलिक आम्ल असें मिश्रण केलें. हाडाचें मेण शस्त्रक्रियागृहांतून अजूनही वापरतात. घरीं मात्र मेणाचा उपयोग इतकाच: दाढेंतील चांदी निघून धारदार कडा जिभेस लागत असेल, तर वैद्याकडे जाईपर्यंत एक दोन दिवस स्वच्छ मेणाची गोळी तेथें दाबून ठेवावी. मेणबत्तीचें मेण बहुधा खनिज तेलाचें असतें. तें घेऊं नये.

राहिली राळ, जीस बाजारांत प्रोपोलिस म्हणतात. ग्रीक भाषेंत 'प्रो' म्हणजे पुढें आणि 'पोलिस' म्हणजे नगर. पोळ्याच्या वेशीपाशीं लावलेली म्हणून हें नांव. माश्या झाडांच्या कळ्यांवरील चीक गोळा करतात, त्यांत मेण मिसळतात आणि पोळ्याच्या भेगा लिंपतात. पोळ्यांत शिरलेला उंदीर मेला आणि बाहेर ओढतां आला नाहीं तर त्यावरही त्या राळेचा लेप देतात, म्हणजे तो कुजत नाहीं. येथें एक गोष्ट जाहिरातींत कोणी सांगत नाहीं. आपल्या सह्याद्रीवरील सातेरी माशी ही राळ गोळा करीत नाहीं. महाबळेश्वराजवळील मांघर हें गांव २०२२ सालीं मधाचें गांव म्हणून घोषित झालें. तेथील पेट्यांत सातेरीच असते. तेव्हां राळेची बाटली ही बहुधा मेलिफेरा या युरोपीय जातीची किंवा परदेशची समजावी.

राळेंत जंतूंस रोखण्याचा व दाह शमविण्याचा गुण आहे. तिच्या अर्काच्या चुळांनीं हिरड्यांची सूज थोडी उतरते, असें लहान लहान प्रयोगांत दिसलें आहे. पण ज्यांची त्वचा नाजूक आहे त्यांस राळेनें पुरळ उठतो, ओठ सुजतात, तोंड आंतून लाल होतें. हें विरळा नाहीं. मधमाशीच्या डंखानें ज्यास पूर्वीं श्वास लागला असेल त्यानें तर या सर्व पदार्थांपासून दूरच राहावें. वेदनेवर माशीचा डंखच मुद्दाम टोंचवून घेण्याची एक पद्धति आहे. तिनें स्पेनमध्यें एका स्त्रीचा प्राण गेला, त्याची नोंद २०१८ सालीं प्रसिद्ध झाली आहे.

दाढ ठणकत असतां काय करावें, या प्रश्नाचें उत्तर आतां थोडक्यांत देतां येईल. थंड पाण्यानें क्षणभर शिणशिणतें आणि थांबतें, तर दांत अजून वांचवितां येतो. रात्रीं निजल्यावर ठणका वाढतो, गरम चहानें कळ येऊन तासभर टिकते, तर आंतील मज्जा सडूं लागली आहे; तेथें मध, मेण व राळ यांपैकीं कांहींही पोंचत नाहीं. लवंगेच्या तेलाचा एक थेंब कापसावर घेऊन दाढेंत ठेवल्यास कळ थोडी बधिर होते, कारण त्यांतील युजेनॉल दंतवैद्यही वापरतात; पण तो थेंब हिरडीवर सांडूं देऊं नये, भाजते. वेदनेची गोळी गिळावी, हिरडीवर ठेवूं नये. ठणका आपोआप थांबला म्हणून आनंद मानणारे पुष्कळ आम्ही पाहिले आहेत. तो मज्जा मेल्यामुळें थांबतो, आणि पू हाडांत उतरत राहतो. गाल किंवा हनुवटीखालचा भाग सुजला, तोंड उघडेना, थुंकी गिळवेना, ताप आला, तर सकाळची वाट न पाहतां त्याच रात्रीं रुग्णालय गांठावें. दंतवैद्याकडे जातांना दाढेंत काय काय लावलें होतें तें त्यास सांगावें, आणि बाटली हाताशीं असल्यास ती बरोबर न्यावी.